संस्कृतीचा डावा कान

भिकाजी कारेकरांनी रत्नागिरीत एकेचाळीस वर्षं पोरांचे कान टोचले. अनिलशेठच्या सराफी पेढीत, कोपऱ्यात, त्यांचं स्टूल होतं. रस्त्यात कुणी भेटलं की ते आधी कान बघत, मग तोंड. त्यामुळे नावं त्यांना कधी आठवली नाहीत, भोकं मात्र सगळी आठवत. अभिमान एकाच गोष्टीचा: एकही लेकरू अर्धवट टोचून परत पाठवलं नाही.

त्या मंगळवारी पावस गावच्या हौसाबाई नातीला घेऊन आल्या. संस्कृती, वय सात महिने, आवाज भोंग्याचा. उजवा कान झाला. डाव्या कानाची सोन्याची तार भिकाजींनी सवयीने ओठांत धरली होती, तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, "शेठ पळाला!"

"काय?" म्हणाले भिकाजी. एवढं म्हणायला तोंड उघडावं लागतं. तार गेली पोटात.

दहा मिनिटांत दुकानात जत्रा. तिजोरी रिकामी, शोकेसमधले हार पितळेचे. पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढून शटरला सील ठोकलं. एवढी नावाजलेली पेढी जेवणाच्या सुट्टीआधी बुडाली आणि पायरीवर उरले भिकाजी, हौसाबाई आणि अर्धवट टोचलेली संस्कृती.

अख्ख्या गावात शेठकडून सोनं मिळालेला माणूस एकच, हे कळायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. लोक भिकाजींच्या पोटाकडे आदराने बघू लागले. शेजाऱ्यांनी केळ्यांचे घड पाठवले. आणि हौसाबाई रोज सकाळच्या एसटीने येऊन भिकाजींच्या ओट्यावर बसू लागल्या. दुसरी तार घ्यायला त्या तयार नव्हत्या. एकदा पैसे मोजले, पुन्हा का मोजायचे?

"तात्यानू, झाला काय?"

"नाय गो बाय."

"मग पोरीच्या दुसऱ्या कानाचा काय?"

चौथ्या दिवशी झालं. भिकाजींनी तार रिठ्याच्या पाण्यात पाच वेळा धुतली, उकळली आणि कागदावर ठेवून पुढे केली. हौसाबाईंनी नातीचा कान हाताने झाकला.

"ही? माझ्या नातीच्या कानात? लाज नाय वाटत?"

वाटली. शेठ पळाला तेव्हा भिकाजींना नुसता राग आला होता. आज मान वर होईना. त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. तिथे भिकबाळी होती. आधीची तीन भावंडं गेली, हा तरी जगावा म्हणून आईने पाच दारी सोनं मागून ती घडवली आणि नाव भिकाजी ठेवलं. सदुसष्ट वर्षांत ती कधी उतरली नव्हती.

भिकाजींनी पक्कड घेतली. मोती काढले, तार सरळ केली, टोक कानशीवर घासलं, पाण्यात उकळलं. संस्कृतीने आळी डोक्यावर घेतली आणि डावा कान झाला.

हौसाबाई त्यांच्या मोकळ्या कानाकडे बघत राहिल्या. मग कागदावरची तार त्यांनी उचलली.

"हिचे पैसे मी दिलेत. म्हंजे ही माझी. नि भिकबाळीचा सोना मागून घ्यावा लागता. मागा."

"अगो, पण…"

"तुमच्याच पोटातली हाय, तुमाला चालेल. मागा!"

भिकाजींनी हात पुढे केला. त्यांचे डोळे भरून आले होते. हौसाबाईंनी तार जुन्या भोकात खसकन खुपसली, आणि एकेचाळीस वर्षं पोरांना "काय दुखत नाय" असं सांगणारे भिकाजी मोठ्याने "आई गं!" ओरडले.