मोठ्याने वाचू नये

सरोजिनी खारकर खुर्चीत बसलेली कुणी फारशी पाहिली नाही. भिवंडीतल्या एका लहानशा वाचनालयात ती ग्रंथपाल होती, आणि कधीही जा, ती कुठल्या तरी कपाटाशी उभी. "बसा की जरा, सरोजिनीबाई," असं कार्यवाह हरीभाऊ म्हणाले, की ती म्हणे, "बसले की डोकं पळायला लागतं. त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

ब्याण्णव साली अनुदानाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: वाचनालयास लेखी नियमावली नाही. कार्यकारिणीने ते काम सरोजिनीच्या गळ्यात घातलं. तिने ठाण्या-कल्याणच्या तीन वाचनालयांचे नियम उतरवून आणले आणि त्यांतून एकोणीस कलमांचा मसुदा केला. बैठकीत वाद झाला तो फक्त छत्र्या कुठे ठेवायच्या यावर. बाकी सगळं एकमताने मंजूर. फलक रंगवून भिंतीवर लागला.

सातवं कलम होतं, 'वाचनकक्षात मोठ्याने वाचू नये.'

चौथ्याच दिवशी ते राघो भोईरवर येऊन आदळलं. राघो नारपोलीत कापडाच्या गाठी वाहायचा. पन्नाशीला आल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेला. ड्युटी सुटली की यायचा, पेपर उघडायचा आणि ओळीवर बोट ठेवून खणखणीत वाचायचा. त्या दिवशी शेजारच्या एका वकिलांनी मुकाट्याने फलकाकडे बोट दाखवलं. सरोजिनी राघोजवळ गेली.

"राघोदादा, मनात वाचा. आता नियम झालाय."

त्याने ओठ मिटले. पहिल्याच ओळीत बोट अडलं.

"बाई, तोंड मिटला का अक्षरां पलून जातान," तो म्हणाला. पेपर घडी करून जागेवर ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही.

सरोजिनीला चैन पडेना. पुस्तकं देता देता ती दाराकडे बघायची, घरी भात चुलीवर ठेवून गॅलरीत येरझारा घालायची. एकोणीस कलमं लिहिताना आपण तीन वाचनालयांना विचारलं, पण आपल्या बाकावर बसणाऱ्या एकाही माणसाला नाही, हे तिला काट्यासारखं टोचत होतं.

शेवटी ती हरीभाऊंकडे गेली. "सातवं कलम बदलायला हवं."

"तीन आठवडे नाही झाले हो! लोक हसतील. आणि नियम तुम्हीच लिहिलात."

"म्हणूनच म्हणतेय."

"मग तसा अर्ज द्या. बैठकीपुढे ठेवू. मात्र नुसतं वाटतं म्हणून नको, लोकांचं म्हणणं आणा."

सरोजिनीने वही घेतली. दोन महिने ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटली: कशाचा त्रास होतो, काय हवं, कुठल्या वेळी येता? लूमवरच्या उत्तर भारतीय कामगारांना ती हिंदीत विचारायची. वकील म्हणाले, "मला शांतता हवी, त्यात चूक काय?" तिने तेही लिहून घेतलं. एका रविवारी नारपोलीत जाऊन तिने राघोला गाठलं.

तो ओशाळला. "तुमचा नियम हाय बाई. मना वाटला, आमच्यासारक्यांनी येवाचा न्हाय."

"तसं नव्हतं लिहिलं मी."

"पन झाला तसाच."

तिने वही उघडली आणि हे वाक्यसुद्धा उतरवून घेतलं.

पुढच्या बैठकीत तिने वही वाचून दाखवली. दोन सभासद वैतागले, एक जण चहा पिऊन निघून गेला. तरी ठरलं: जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांची मागची खोली रिकामी करायची, संध्याकाळी पाच ते सात तिथे मोठ्याने वाचायला मुभा, सहा महिने करून बघायचं. या वेळी मसुदा आधी पंधरा दिवस दाराशी लावला. हरकती-सूचना आल्या अकरा. एक राघोच्या हातची होती, वेड्यावाकड्या अक्षरात: 'खोलीत दिवा लावा.'

दिवा लागला. राघो आला, बरोबर दोघांना घेऊन. भिंत पातळ, आवाज पलीकडे जायचाच. वकिलांनी पुन्हा तक्रार दिली आणि सरोजिनीने ती वहीत, पुढच्या बैठकीसाठी, नोंदवली. हे काम संपणारं नाही हे तिला एव्हाना कळलं होतं. त्याने तिची तगमग कमी झाली असं नाही.

"बाई, ह्यो सबूद काय?" आतून हाक आली.

"आले," म्हणत ती काउंटर तसाच सोडून आत गेली.