गिटारची जागा सोडून

कोल्हापूरहून मी चेन्नईला आलो तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. येताना सामानात कपड्यांपेक्षा जड एक वस्तू होती, ड्रमचं डबल पेडल. दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवता यावा म्हणून केलेली ती जोडणी. मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं वेगवान रॉक, वाजवणाऱ्याला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. आईला मी ते कारखान्यात लागणारं यंत्र आहे असं सांगितलं होतं आणि तिनं ते जुन्या चादरीत नीट बांधूनही दिलं होतं.

कंपनीला माल पुरवणारं एक छोटं युनिट गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत होतं. तिथं तपासणीला गेलो असताना घरून फोन आला. बोलून झाल्यावर वळून पाहतो तर मालकाचा मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. माझ्याच वयाचा.

"तुम्ही मराठी? कोठले?" त्यानं विचारलं.

शब्द मराठी, चाल पूर्ण तमिळ. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. आजोबा नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथलेच झाले. घरात अजून ती जुनी मराठी बोलत. मी काही उत्तर देणार तेवढ्यात मला त्याच्या ऑफिसात दाराआड टेकून ठेवलेली बास गिटार दिसली आणि मालाची तपासणी बाजूलाच राहिली.

त्याचा मेटल बँड होता; गायक आणि गिटारवाला त्याच्या कॉलेजचे दोस्त होते. ड्रमर नव्हता म्हणून तिघं अडून बसले होते. त्या महिन्यातच मी जुना ड्रमसेट मिळवला आणि आम्ही युनिटच्या शेडमध्ये सराव सुरू केला. रविवारी वसाहत बंद असे. आजूबाजूला तक्रार करायला कुणी नसे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमधून आणि लोखंडी पत्र्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आम्ही ॲम्प्लिफायर लावायचो. वरचं छप्पर पत्र्याचं. मी दोन्ही पायांनी सुरुवात केली की छपराचे नट आपले आपण थरथरायचे आणि तेलाचा वास जास्तच उठल्यासारखा वाटायचा.

कधी कधी बासवाल्याचे वडील, म्हणजे युनिटचे मालक, यायचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते त्यांना आवडायचं. खुर्ची दारात घेऊन पेपर वाचत बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, त्रास होतो का हो आवाजाचा?"

"आठवडाभर प्रेस ऐकतो रे मी," ते म्हणाले. "तुजला थकवा येतो, प्रेसला येत नाही. एवढाच फरक."

आमची कीर्ती काही मोठी नव्हती. कॉलेजांचे महोत्सव, एखाद्या हॉटेलातला कार्यक्रम, एकदा बंगळुरू. पण बासवाल्याचं आणि माझं जे जुळलं होतं ते मला पुन्हा कुठं मिळालं नाही. मी पाय कधी हलका करणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. गाडी ठरलेल्या वळणावर वळते तसे आम्ही दोघं एकदम वळायचो आणि मग उगाचच हसायचो.

बँड भांडून फुटला नाही. गायक कॅनडाला गेला. गिटारवाल्यानं लग्न केलं आणि सासरच्या धंद्यासाठी कोइम्बतूर गाठलं. काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि युनिट मुलाच्या अंगावर पडलं. रविवारीही ऑर्डरी पुऱ्या करायच्या म्हणून मशीन चालू राहू लागली. मी ड्रम उचलून आणले आणि भाड्याच्या घरातल्या बाल्कनीत प्लॅस्टिकखाली ठेवले.

त्याच सुमारास एका ओळखीच्या माणसानं मसाल्याच्या जाहिरातीसाठी संगीत करशील का म्हणून विचारलं. कॉम्प्युटरवर केलं. मग दुसरी जाहिरात आली, मग मालिकेचं पार्श्वसंगीत. सासू दार उघडते, सून दचकते, तिथं काय वाजायला हवं हे मला चांगलं जमू लागलं. नोकरी सोडली. वडपळनीत एक खोली घेऊन स्टुडिओ केला. दोन छोटे चित्रपटही मिळाले. आता नवी मुलं गाणी घेऊन येतात, मी ती बसवून देतो. लोक मला संगीतकार म्हणतात. आईचं कोल्हापुरात शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालंय.

ड्रम मात्र बाल्कनीतल्या दमट हवेत खराब व्हायला लागले. शेवटी डबल पेडल तेवढं ठेवून ते एका शाळेला देऊन टाकले. स्टुडिओत माझ्यासमोर रबरी पॅड असतात. बोटांनी टिचक्या मारल्या की जगातला कुठलाही ड्रम वाजतो. पायांना काम नाही. मालिकेचं काम करताना ते टेबलाखाली आपोआप हलतात आणि समोर बसलेला दिग्दर्शक विचारतो, "सर, टेन्शन आहे का?"

गेल्या वर्षी काका गेले. मी गिंडीला भेटायला गेलो. बासवाला आता वडिलांच्याच खुर्चीवर बसतो. केस विरळ झालेत. आम्ही बराच वेळ काकांविषयी बोललो. मग तो म्हणाला, "तू सुखी आहेस. रोज वाजवतोस."

"वाजवत नाही रे. टाइप करतो," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही. म्हणून एका रविवारी तो बास घेऊन माझ्या स्टुडिओत आला. मोठ्या उत्साहानं दोघांनी हेडफोन लावले आणि आमचं जुनं गाणं सुरू केलं. थोड्याच वेळात त्यानं हेडफोन काढला आणि मलाही काढून वाजवत राहायची खूण केली. खोलीत फक्त माझ्या बोटांची टक टक होती आणि त्याच्या तारांचा बारीक खरखराट.

"इथे तर काहीच नाही," तो म्हणाला. त्याच्या स्वरात थट्टा नव्हती.

मग त्यानंच शोधाशोध केली. तांबरमला कॉलेजांच्या बाजूला सरावासाठी तासावर खोली मिळते, ड्रमसेटसकट. आम्ही दोघं लोकल ट्रेननं गेलो. मी ते डबल पेडल माळ्यावरून काढून तेल घातलं होतं. ड्रमवर बसलो तेव्हा इतका घाबरलो होतो की काड्या हातात धरून नुसताच बसून राहिलो.

"चल," तो म्हणाला.

वेग पूर्वीचा राहिला नव्हता. माझा डावा पाय मागे पडायचा. तो थांबायचा, मला गाठू द्यायचा. दुसऱ्या कडव्यानंतर गिटारच्या सोलोची जागा आली. आमचं त्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं. पण ती पूर्ण होईपर्यंत दोघंही खालचा ठेका धरून राहिलो. तो खाली मान घालून आकडे मोजत होता, मीही मोजत होतो. गिटार कुठं चढायची, कुठं थांबायची, सगळं मला आठवत होतं. त्यालाही आठवत असणार, कारण जिथं ती संपायची तिथं आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. गायकाच्या ओळींनाही तसंच केलं. एवढं रिकामं गाणं मी कधी वाजवलेलं नाही. आणि एवढ्या माणसांबरोबरही नाही.

तास संपल्यावर स्टेशनाबाहेर कॉफी प्यालो. मी म्हटलं, "कोइम्बतूरला फोन करूया का? येईल तो."

"आला तर बरं," तो म्हणाला. "पण त्यानं गिटार विकली. मजला सांगितलं होतं त्यानं. तुजला सांगू नको म्हणाला."

पुढे आम्ही त्याच्या मुलीच्या शाळेविषयी बोललो, पत्र्याच्या वाढलेल्या दरांविषयी बोललो. गाडी आली. गिंडीला तो उतरला. दारातून निघताना बासच्या पिशवीचा पट्टा कुणाच्या तरी खांद्याला अडकला, त्याची माफी मागण्यात तो माझ्याकडे वळून बघायचं विसरला.

त्यानंतर आम्ही पुन्हा गेलो नाही. त्याच्याकडे नवी ऑर्डर आली, माझ्याकडे नवी मालिका. फोन होतात. तांबरमहून त्या दिवशी घरी आलो तेव्हा दोन्ही पोटऱ्या अशा दुखत होत्या की जिना चढवेना. बायको बाम घेऊन आली. मी म्हणालो, "नको, असू दे." ती पोटऱ्यांकडे बघत होती आणि ते दुखणं मला आणखी किती दिवस पुरेल याचा अंदाज मी घेत होतो.