प्रायव्हेट मत आणि शबानाचा चिवडा

“काकू, कोडमध्ये मतांपुढे प्रायव्हेट लिहिलंय. आता कोण बघणार?” तन्मय म्हणाला.

कर्वेनगरातलं त्याचं छोटंसं ऑफिस. एका सोसायटीची निवडणूक रविवारी होती आणि गुप्त मतदान त्याच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर होणार होतं. त्याचं हे पहिलंच काम, हुकलं तर दुसरं कोण देणार? स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर, सगळ्यांच्या सामायिक नोंदवहीवर, चालणारा प्रोग्राम. असे प्रोग्राम मी तपासून देते. शिकले घरीच, व्हिडिओ बघून, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये.

चाचणीसाठी ऑफिसात मतदान घेतलेलं: चिवडा कोणाचा चांगला? तन्मयच्या आईंचा, की टेस्टिंग करणाऱ्या शबानाचा? मी लॅपटॉप उघडला.

“टेबल नंबर एक. मत, शबाना.”

एक नंबरच्या टेबलावर तन्मयच बसतो. तो लाल झाला.

शबाना म्हणाली, “थँक्यू सर. आईंना कळवू का?”

“अगं, गप्प बस! काकू, दिसलं कसं?”

“अरे, प्रायव्हेट म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला ते व्हेरिएबल, मत ठेवलेला तो कप्पा, वाचता येत नाही. माणसाला येतं. काचेच्या कपाटाला कुलूप लावलंयस. लाडू काढता येणार नाहीत, पण मोजता येतील.”

“मग मत नोंदवणाऱ्या फंक्शनच्या आतच ठेवू, तात्पुरतं. लोकल व्हेरिएबल.”

“फंक्शन संपलं की ते गेलं. मोजणार काय? आणि फंक्शनला दिलेलं मत चेनवर राहतं ते राहतंच.”

“सीलबंद टाकू, मोजताना उघडू.”

“उघडलं की परत फ्लॅट नंबरासकट दिसेल. सोसायटीत माणसं राहतात रे, जिन्यात रोज भेटतात.”

मग स्वतःच फोन स्पीकरवर लावून त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळं खरं सांगितलं. मतं कागदावर, पेटीत घ्या. चेनवर फक्त निकाल.

“म्हणजे मतपेटी आमची, मोजणी आमची. मग तुम्ही नक्की काय करणार?” सेक्रेटरींनी विचारलं.

“जाहीर झालेला निकाल नंतर कोणाला बदलता येणार नाही, साहेब.”

सेक्रेटरी हसले.

“मग या रविवारी. आमच्याकडे खरी निवडणूक निकालानंतरच सुरू होते.”

काम टिकलं. धडा एवढाच, की प्रायव्हेट हा शब्द दुसऱ्या प्रोग्रामसाठी असतो, शेजाऱ्यांसाठी नाही.