लळ्याचा रकाना

झरी गावाच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक दोनशिक्षकी शाळा लागते. प्रभावतीबाई तिथं तिसरी-चौथीला शिकवतात. परभणीहून एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं मिळेल त्या ऑटोनं, असा रोजचा प्रवास. वय त्रेपन्न. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत वरून आलेले इतके उपक्रम त्यांनी राबवले होते, की नवा कागद दिसला की आधी कपाळावर आठी चढायची आणि मग डोळ्यांवर चष्मा.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पंधरा दिवसांनी असाच एक कागद आला. मुलांना शाळेचा लळा लावायचा, असा उपक्रम होता. दर शनिवारी फोनवर तक्ता भरायचा. पहिल्या रकान्यात पट, दुसऱ्यात हजेरी आणि तिसऱ्यात ‘लळा लावलेल्या विद्यार्थ्यांची संख्या’.

बाईंनी तो तिसरा रकाना दोनदा वाचला.

“सारंग सर, हे काय आहे?”

सारंग म्हणजे त्यांचा जोडीदार शिक्षक. तिशीतला, पहिली-दुसरी सांभाळणारा. त्यानं आपला तक्ता एव्हाना भरूनही टाकला होता.

“सतरा लिहिलं, मॅडम. माझे सगळेच.”

“सगळ्यांना लागला? एका आठवड्यात?”

“कमी लिहिलं की खुलासा मागतात. तुम्ही पण चौदा लिहून टाका.”

“माझ्या चौदातली शिवकन्या दिवाळीपासून शाळेत आली नाही. तिला काय घरबसल्या लागला?”

सारंग हसला. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी मराठी घेऊन बीए केलं होतं आणि शब्द कुणी कसाही वापरला की त्यांना जेवण गोड लागत नसे. लळा म्हणजे काय पोलिओचा डोस आहे, की पाजला आणि आकडा कळवला? भूक लागते, झोप लागते, तसा लळा लागतो. लावणारा कुणी असतो, नाही असं नाही. पण अमकीनं लेकराला लळा लावला, हे शेजारपाजारच्यांनी म्हणायचं. मी लळा लावला, असं स्वतःच सांगत सुटणाऱ्या बाईच्या तोंडाकडं लोक बघत राहतील. आणि इथं तर सही करून सांगायचं.

त्यांनी रकान्यात शून्य भरलं.

सोमवारी केंद्रप्रमुख दत्तरावांचा फोन आला. “बाई, अख्ख्या केंद्रात तुमचं एकटीचं शून्य आहे. मला वर काय सांगायचं?”

“साहेब, कुणाला लागला असेल तर मला ठाऊक नाही. ते मुलांना विचारावं लागेल.”

“मग तसा खुलासा द्या लेखी.”

बाईंनी खुलासा दिला. दोन पानं. ‘लळा लागणे’ आणि ‘लळा लावणे’ यांतला फरक, प्रत्येकी तीन वाक्यांत उपयोग, शेवटी सही. पुढच्या गुरुवारी परभणीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला हजर राहावे, असं उत्तर आलं. विषय होता लळा.

त्यात शिवकन्येच्या गैरहजेरीचं प्रकरण चालूच होतं. पोरगी तिसरीत, आजीजवळ राहणारी. तिची आजी दगडाबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची आणि शिवकन्या तिच्या मागं. शाळा सुटल्यावर बाई चरफडत रानात गेल्या. साडीला कुसळं लागली, चपलेचा अंगठा तुटला. शिवकन्या त्यांना बघून कापसाच्या पऱ्हाटीत दडली.

“म्याडम, म्या रोज म्हणते जा म्हून,” दगडाबाई म्हणाली. “पुस्तकातलं येत न्हाई, पोरं हसतेत म्हणायलीय. म्या काय करू?”

“बाहेर ये,” बाई म्हणाल्या. “पुस्तक नको वाचूस. हे वाच.” बांधावर बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती, ती त्यांनी उचलून दिली.

शिवकन्या बाहेर आली, पण तोंड फुगवूनच. पिशवीवरच्या पहिल्या ओळीत ती चार ठिकाणी अडली. जोडाक्षर आलं की गिळून पुढं जायची.

“गिळू नकोस. परत.”

“येत न्हाई.”

“येत नाही म्हणूनच परत. मला काय हौस आहे का इथं बसायची?”

साडेपाचची बस गेली. बाई साडेसातला घरी पोहोचल्या आणि नवऱ्यावर उगाच चिडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, कारण पिशवी अर्धी राहिली होती आणि अर्धवट सोडलेलं त्यांना सहन होत नसे. असे चार दिवस गेल्या. चारही दिवस रागावल्या. शाबास म्हणाल्या नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाही. चौथ्या दिवशी पोरीनं ‘उगवणक्षमता’ हा शब्द न अडखळता वाचला, तेव्हा बाई म्हणाल्या, “आता खालची ओळ.”

मग गुरुवार आला. परभणीच्या एका सभागृहात साठ शिक्षक बसले होते. कोट घातलेला एक तरुण पडद्यावर लळा लावण्याच्या सात पायऱ्या दाखवत होता. पहिली पायरी, हसरा चेहरा. शेजाऱ्याकडं बघून मिनिटभर हसायचं होतं. बाईंच्या शेजारी मानवतच्या राजेश्रीताई होत्या, त्यांची दाढ ठणकत होती. दोघींनी ते मिनिट कसंबसं काढलं. मग बाईंनी हात वर केला.

“‘मी लळा लावला’ असं वाक्य तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलंय का?”

“छान प्रश्न, मॅडम. प्रश्न शेवटी घेऊ.”

शेवटी फोटो काढला.

शुक्रवारी बाई शाळेत आल्या तेव्हा पायरीवर शिवकन्या बसलेली. वेणी घातलेली, कपाळाला टिकली, आणि चेहरा असा, की जणू बाईच महिनाभर गैरहजर होत्या.

“काल कुठं गेल्त्या?”

“परभणीला. काम होतं.”

“म्या आल्ते काल. दिवसभर बसले. सर नुसतं चित्र काढ म्हणायलेते.” तिचा आवाज चढला. “जायचं असलं की आदुगर सांगत जा ना.”

“तुला सांगून जाऊ? तू काय माझी हेडमास्तर लागून गेलीस?” बाई म्हणाल्या. “चल आत. पाटी काढ.”

दुपारी दगडाबाई पोरीचा डबा घेऊन आली. “म्याडम, हिनं डोस्कं उठवलंय माझं. म्याडम असं म्हणल्या, म्याडम तसं म्हणल्या. लय लळा लावलाव तुमी पोरीला.”

“मी काही लावलेलं नाही. चार दिवस नुसती ओरडत होते.”

“तेबी सांगायलीय ती,” दगडाबाई म्हणाली आणि निघून गेली.

बाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. दोन पानांच्या खुलाशात जे त्या साहेबांना पटवू शकल्या नव्हत्या, ते ही बाई डबा देता देता बोलून गेली होती.

शनिवारी सारंगनं फोन पुढं केला. “मॅडम, आता एक तरी लिहा. ती येतेय की.”

“एक लिहिलं की पुढच्या शनिवारी दोन कधी होतील विचारतील.”

“मग?”

“रिकामा सोडा.”

रिकामा रकाना फोन स्वीकारेना. बाईंनी बोटानं दहा वेळा दाबून पाहिलं आणि शेवटी फोन सारंगच्या हातात देऊन वर्गावर गेल्या. त्यानं काय भरलं, ते त्यांनी विचारलं नाही. जानेवारीत तो उपक्रम बंद होऊन हात धुण्याचा आला.

शिवकन्या आता चौथीत आहे. रोज उशिरा येते, अजूनही जोडाक्षर गिळतेच, आणि बाईंनी एखादी रजा टाकली की दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्यांना जाब विचारते. बाई तिला खाली बसवतात. रजा मात्र आता आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवतात.