निंगव्वाचा पस्ताना

मैंदर्गीच्या निंगव्वाला पंचांगापुढे कुणाचंच चालवून घ्यायची सवय नव्हती. अमावास्येला गाव सोडायची तिच्या घरात कुणाची छाती झाली नाही. पण धाकटा शिवू फौजेत लागला, आणि फौजेत अमावास्येला कुणी विचारत नाही. त्याची सुट्टी गुरुवारी संपत होती. संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं तर मंगळवारी दुपारची गाडी सोलापूरहून धरायलाच हवी होती, आणि मंगळवारी नेमकी अमावास्या.

निंगव्वाकडे यावर तोडगा होता, पस्ताना. चांगला दिवस बघून आपली वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस निघाल्यातच जमा. मग खरं पाऊल कधी का उचलेना. बाकीच्या बायका एखादं उपरणं नि मूठभर तांदूळ ठेवतात. निंगव्वाला असलं चिमूटभर काम माहीतच नाही. तिनं रविवारी सकाळी अख्खी बॅग नेऊन ठेवली, बूट, वर्दी, शेंगाचटणी आणि सुट्टीच्या कागदासकट. शेजारची म्हाळसाबाई श्रीपूरला लेकीकडे गेली होती आणि जाताना किल्ली हिच्याकडेच देऊन गेली होती. निंगव्वानं बॅगेला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, बाहेर आली आणि कुलूप दाबलं. ते खट्कन बसलं तेव्हा तिला आठवलं, की किल्ली आत बॅगेवरच राहिली.

दुसरी कुणी असती तर गल्ली गोळा केली असती. निंगव्वा गप्प बसली. रविवार गेला, सोमवार गेला, म्हाळसाबाईला साधा फोन केला नाही. बॅग अडकली की पोरगा अडकेल, एवढा साधा हिशोब होता तिचा. वर्षातून एकदा घरी येणारा पोरगा.

मंगळवारी सकाळी शिवू म्हणाला, "अव्वा, किल्ली दे. बॅग काढतो."

"आत हाय."

"आत बॅग हाय. किल्ली कुटं हाय?"

"ती बी आतच हाय की. रविवारपासनं."

शिवू मटकन कट्ट्यावर बसला.

"ऱ्हा की चार दिस," निंगव्वा म्हणाली. "सायबाला फोन कर. म्हणावं, अमावास्या हाय."

"तसलं कारण चालत न्हाय अव्वा."

"मग आजारी हाय म्हण."

"त्याला मिलिटरीच्या दवाखान्याचा कागद लागतोय. आनि हुता त्यो सुट्टीचा कागद तू कोंडून ठिवलास! एक दिस उशीर झाला तरी सायबापुढं उभं करत्यात."

"मला दे फोन. मी बोलते सायबासंगं."

शिवूनं कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सायबाचं ऱ्हाऊ दे. मी हजर झालो की मगच माझ्या संगतीच्या विरेशला सुट्टीवर सोडणार हायत. आट म्हैने झाले, त्यो घरी गेला न्हाय. हितं पलीकडं इंडीला त्याची आई हाय. ती बी वाट बघत्या."

निंगव्वा आत गेली. आता ही रडत बसणार, असं शिवूला वाटलं. ती वरवंटा घेऊन बाहेर आली.

"सरक बाजूला."

तिसऱ्या घावाला कुलूप खाली पडलं. "म्हाळसाबाईला काय सांगायचं ते मी बघते. आनि बॅग घिऊन आपल्या घरात पाऊल टाकू नगंस, पस्ताना मोडंल." त्यामुळे हा फौजी चहासुद्धा रस्त्यावर उभ्याउभ्याच प्याला, पाया पडला आणि एस.टी. गाठायला पळाला. तो दिसेनासा झाला तेव्हा निंगव्वाच्या लक्षात आलं, की वरवंटा अजून आपल्या हातातच आहे. मग मात्र ती भर गल्लीत मोठ्यानं रडली.

शनिवारी इंडीहून फोन आला. विरेशची आई बोलत होती, कानडीतून, गहिवरून. "तुमचा पोचला, तसा माझा निघाला बघा. आता माघारी धाडताना दिवस बघावा म्हणते. तुम्ही काय करता?"

"पस्ताना ठेवा," निंगव्वा म्हणाली. "पण किल्ली कमरेलाच ठेवा बाई. आत राहिली की दोन दिवस लई बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी वरवंटा उचलवत नाही."