कापश्याचा खुबा आणि किल्लीवाल्याचा शब्द

आमचा मामा जाऊन महिना होत आला. लोक येतात, भला माणूस होता म्हणतात आणि जातात. पण शेवटची दोन वर्षं मामा असा मुका का झाला होता ते कुणालाच माहीत नाही. मामीने आता सांगितलं, म्हणून लिहिते.

मामा सोफे दुरुस्त करायचा. खुर्ची दुकानात आली की आधी स्वतः तिच्यावर बसायचा, डोळे मिटून जरा इकडे जरा तिकडे कलायचा आणि मग सांगायचा कुठली पट्टी सैल झालीय ते. तोंडात बारके खिळे धरलेले असायचे, तरी बोलणं थांबायचं नाही. गिऱ्हाईक येऊन टेकलं की गल्लीतल्या बातम्या त्याला फुकट. मामी म्हणायची, यांच्या पोटात जेवण तेवढं राहतं, बाकी काही नाही.

शेजारच्या गाळ्यात किल्लीवाला. दोघं लग्नाआधीपासूनचे दोस्त. तो किल्ल्या बनवायचा आणि घरी एक कुत्री होती तिची पिल्लं विकायचा. या दोघांचा आपसात एक ठराव होता. लाकूड, फोम, स्प्रिंग यात मामाचा शब्द शेवटचा, कुलूप आणि कुत्रं यात किल्लीवाल्याचा. तिसऱ्याला विचारायला जायचं नाही, गेलं तर तो अपमान. मामा नको म्हणाला म्हणून किल्लीवाल्याने टेम्पोतून आलेला नवा सोफा दारातून परत पाठवला होता. इतकं ते पक्कं.

तर कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक पांढरं गुबगुबीत किल्लीवाल्याने मामाला आणून दिलं. मामाने नाव ठेवलं कापश्या. दिवसभर दुकानात कापसाच्या ढिगात लोळायचं, मागून कुठला कापूस आणि कुठला कुत्रा ते कळायचं नाही.

तीन-साडेतीन महिन्यांचं झालं तेव्हा मामीच्या लक्षात आलं की हे धावताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकतं, सशासारखं. पायरी दिसली की बसून राहतं. ती म्हणाली, अहो, डॉक्टरला दाखवा. मामा कापश्याला उचलून गेला तो शेजारच्या गाळ्यात. किल्लीवाल्याने पाय ओढून बघितले आणि म्हणाला, वाढतं हाड आहे, मोठं झालं की भरतं, वाट बघ. मामी दर आठवड्याला म्हणायची आणि मामा दर आठवड्याला तेच ऐकवायचा, त्याने सांगितलंय ना, वाट बघ. असे चार महिने घालवले. मग एक दिवस कापश्या उठायला गेलं आणि ओरडून खाली बसलं. तेव्हा मामीने मामाला न विचारता रिक्षा बोलावली, मग मामाही कापश्याला उचलून तीत बसला.

डॉक्टरबाईंनी हाडांचा फोटो काढला. म्हणाल्या, खुब्याची वाटी उथळ आहे, हाडाचा गोळा तिच्यात बसतच नाही, सारखा घासतो. हाडं कोवळी असताना आणलं असतं तर छोट्या ऑपरेशनने वाटी आपोआप नीट वाढली असती, आता ती वेळ गेली. मग विचारलं, कुणाकडचं पिल्लू. मामाने सांगितलं, अगदी छाती फुगवून, शेजारच्या किल्लीवाल्याकडचं, माझ्या दोस्ताकडचं.

बाई म्हणाल्या, "याची बहीण आणली होती की त्यांनी माझ्याकडे. स्वतःसाठी ठेवलेली. तिचं वेळेत झालं, आता पळते. तेव्हाच त्यांना म्हटलं होतं, बाकीची पिल्लं ज्यांच्याकडे आहेत त्यांना कळवा. तुम्हाला बोलले नाहीत?"

मामी सांगते, येताना रिक्षात मामा एक शब्द बोलला नाही. असं लग्नापासून झालं नव्हतं.

दुकान न उघडता तो सरळ शेजारी गेला. किल्लीवाला कानस चालवत होता. मामाने विचारलं, तुझ्या पिल्लाचं ऑपरेशन उरकलं होतं तेव्हा मी कापश्याला घेऊन तुझ्यापुढे उभा होतो की नाही. किल्लीवाला वर न बघता म्हणाला, दोन पिल्लं विकायची राहिली होती. तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी गल्लीभर झालं असतं, तुझं तोंड मला माहीत नाही का.

"गप्प बस म्हणाला असतास तर मी बसलो नसतो?" मामा म्हणाला.

किल्लीवाला कानस बाजूला ठेवून म्हणाला, आण ते परत, पुढच्या वेळी चांगलं बघून देतो. सोफ्याचा पाय बदलून देतात तसं. केसाने गळा कापला आणि वर हे.

आता खरी पंचाईत. बाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, हाडाचा तो गोळाच कापून काढायचा, मग मांस सांधा धरतं, थोडं लंगडेल पण दुखणार नाही. दुसरी, गोळ्या द्यायच्या, वजन वाढू द्यायचं नाही आणि दुखणं सोसायचं. मामाला ठरवताच येईना. कुणाचा शब्दच धरवेना त्याला. ही बाई तरी खरं बोलते कशावरून, म्हणाला. दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, मग तिसऱ्याकडे, फोटो पिशवीत घालून. जन्मभर एकाला विचारून चालणारा माणूस, आता तिघांनी तेच सांगितलं तरी घरी येऊन फोटो उजेडाला धरून बसायचा.

मामी वैतागली. "अहो, एकाने फसवलं म्हणून काय सगळ्यांनीच फसवलं? आणि त्याची शिक्षा याला का?"

मामाने फोटो परत पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत होता, कापश्या त्याला बघून शेपूट हलवायला लागलं. शेपूट जोरात, आणि मागचं धड उठेना. पुढच्या पायांवर फरशीवरून ओढत ओढत आलं आणि मामाच्या पायावर डोकं ठेवून हाशहूश करत पडलं. तोंडात फेस तसाच घेऊन मामा म्हणाला, अगं, बाईंना फोन लाव.

ऑपरेशन झालं. बाईंनी सांगितलं, बसवून ठेवू नका, चालवा. मग मामाने सोफ्याच्या पट्टीचा झोळणा शिवला, पोटाखालून घातला आणि रोज कापश्याचं मागचं अंग तोलत गल्लीतून हिंडवलं. किल्लीवाल्याच्या गाळ्यासमोरूनही. तो आतून हाक मारायचा, मामा कापश्याकडे बघत पुढे जायचा. लोकांनी खोदून खोदून विचारलं, काय बिनसलं रे तुमचं. मामा म्हणायचा, काही नाही. पोटात काही राहत नाही म्हणून ज्याला फसवलं, त्याने ही एवढी गोष्ट पोटात ठेवली ती ठेवलीच. गिऱ्हाइकाशीही बोलणं कमी झालं. तोंडात खिळे आणि गप्प.

मामा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्लीवाला घरी आला. चारचौघांत बसून डोळे पुसत सांगायला लागला, सख्ख्या भावासारखे होतो आम्ही, हे कुत्रंसुद्धा मीच दिलेलं. कापश्या उठलं, आता लंगडत का होईना चांगलं चालतं ते, आणि शेपूट हलवत त्याच्याकडे निघालं. मामीने अर्ध्या वाटेत त्याचा पट्टा धरला, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्यांना वाटलं तिला रडू आलं. आलंच होतं.