तेल लावलेला

काल नातीच्या डोक्याला खोबरेल चोळताना त्या वासाने मला पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. तापाने खंगलेली आई तिथे खाटेवर पडून होती. जेवत नव्हती, बोलतही नव्हती. मार्था सिस्टर तिच्या केसांचा गुंता सोडवत तेल लावत होत्या.

आईने अचानक विचारलं, "तुमचा ख्रिस्त म्हंजे काय गो?"

"मूळ ग्रीक शब्द, आजी. तेलाने अभिषेक केलेला. पूर्वी राजाच्या डोक्यावर तेल ओतायचे ना, तसा. त्यावरून आम्ही ख्रिस्ती."

"म्हंजे आज मी रानी झाले!" आई खुदकन हसली.

संध्याकाळी तिने पेज मागितली. ती बरी होणार, एवढंच तेव्हा मला कळलं. आज वाटतं, सगळ्या घराची डोकी चोळणाऱ्या आईला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी तेल लावलं होतं.